नदीत, हाताच्या अंतरावर

आई,

मागच्या महिन्यात मी आठवडाभर एका नदीत उभा होतो. तुला हे मुळीच आवडणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. पाणी गुडघ्यापर्यंत असायचं, कधी मांडीपर्यंत, आणि एकदा छातीपर्यंत आलं. अंगात छातीपर्यंतची रबरी विजार होती, कमरेला पट्टा होता, गळ्यात पाण्यात पडलं की आपोआप फुगणारं जाकीट होतं. तरीही रोज सकाळी पहिलं पाऊल पाण्यात टाकताना तीच भीती वाटायची, तू लहानपणी बसवून दिलेली. माझी साठी उलटली, आई. तू गेलीस तेव्हाचं तुझं वय मी केव्हाच मागे टाकलं. पण पोहायला मला अजून येत नाही.

तुझी नात तू पाहिली नाहीस. ती इथे अमेरिकेतच जन्मली. सिॲटलच्या जरा वर बॉथेल म्हणून गाव आहे, तिथे आम्ही राहतो. पुण्याच्या पेपरातली नोकरी सोडून मी बायकोच्या नोकरीमागोमाग इथे आलो आणि इथल्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत राहिलो, ते बंद पडेपर्यंत. लेक तिशीची आहे. औषधं तयार करणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते, जवळच वेगळी राहते. आपण मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमच्या घरात चालतं. फारच लाडात किंवा फारच रागात असली की मराठी येतं. कॉलेजात असताना तिला सॅमन पकडायचं वेड लागलं. दर वर्षी पानगळीच्या दिवसांत समुद्राकडच्या एका नदीवर ती मैत्रिणीबरोबर आठवडा काढायची. आम्ही दोघं शाकाहारी. ती फोटो पाठवायची, आम्ही ‘वा’ म्हणायचो आणि नदी किती खोल आहे ते विचारायचो.

या जानेवारीत ती आमच्याकडे जेवायला आली होती. ओट्याशी उभी राहून काकडी चोचवत होती आणि आईला ऑफिसमधलं काहीतरी सांगत होती. वाक्य अर्धंच राहिलं. ती पडली, अंग ताठ झालं, मग हातपाय झडायला लागले. बायकोने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा स्वेटर सरकवला. मी पहिलं काय केलं, तर तिच्या हाताजवळ पडलेली सुरी उचलली. नंतर ॲम्ब्युलन्सच्या मागे गाडी चालवताना बायको म्हणाली, “पोरीला धरायचं सोडून तू सुरी काय उचलत बसलास?” याचं उत्तर मला नदीत सापडलं, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलोय.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला फिट्स येतात का, आजी-आजोबांपैकी कुणाला? आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं, नाही, कुणालाच नाही. मी अगदी मनापासून सांगितलं. तुझी आठवणसुद्धा झाली नाही. तुला कुठे फिट यायची? तुला तंद्री लागायची.

गोळ्या सुरू झाल्या. कित्येक महिने तिला गाडी चालवायला बंदी. टबमध्ये अंघोळ नाही, शॉवरच घ्यायचा, तोही दाराला कडी न लावता. त्यानंतर पुन्हा काही झालं नाही, म्हणजे आम्हाला दिसलं नाही. उन्हाळ्यात गाडी परत मिळाली आणि तिने लगेच नदीचा विषय काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाऊ नकोस असं माझं मत आहे. लेक म्हणाली, माझं मत मी जाते असं आहे. शेवटी तोडगा निघाला: पाणी गुडघ्याच्या फार वर नको, जाकीट सतत अंगात, आणि कायम कुणीतरी हाताच्या अंतरावर. काठावरून लक्ष ठेवून चालणार नाही. तिची मैत्रीण नुकतीच बाळंत झालेली. बायकोच्या ऑफिसात त्याच आठवड्यात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज. उरलो मी.

“मला पोहता येत नाही,” मी म्हणालो.

“तुला पोहायला कोण सांगतंय?” बायको म्हणाली. “तू तिच्याजवळ नुसतं उभं राहायचंस. उभं राहायला पोहता कशाला यायला लागतं?”

“ग्रेट,” लेक म्हणाली. “माझ्या लाइफगार्डला पोहता येत नाही. बाबा, तू बुडायला लागलास तर मी तुला वाचवायचं की मासा सोडायचा, आधीच ठरवून ठेवू.”

नदीचे दोन्ही काठ तिथल्या एका म्हाताऱ्या बाईच्या मालकीचे आहेत. तिने नदीचे भाग पाडलेत आणि प्रत्येक भागाला ती बीट म्हणते. मी जन्मभर पेपरांत बातम्यांची बीट सांभाळली, पण इतकी ओली बीट पहिलीच. तिच्या पडवीत एक फळी आहे, फळीवर खिळे आणि खिळ्यांना हाताएवढे लाकडी मासे टांगलेले. तिच्याकडे राहायला आलेल्या पाहुण्यांच्या प्रत्येक गटाचा एक मासा. रोज सकाळी ती एकेक मासा पुढच्या खिळ्यावर टांगते; त्या दिवशी तुम्ही त्या बीटवर जायचं आणि दुसऱ्यांच्या पाण्यात पाय ठेवायचा नाही. लेकीने तिला पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं, फिटचं आणि माझ्या पोहण्याचंही. म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“म्हणजे मासे न धरणारे तुम्ही,” ती म्हणाली. “ऐका. नदीत पाय उचलायचा नाही. सरकवायचा. एक पाय रुतला की मगच दुसरा. जो पाय उचलतो त्याला नदी उचलते.”

हे तिने हसत सांगितलं, पण मी त्या रात्री जेवलो नाही.

आई, ती नदी आपल्या कृष्णेसारखी नाही. आपल्या घाटाला पायऱ्या तरी आहेत. किती पायऱ्या पाण्यात आहेत त्यावरून खोली कळते. इथे काहीच कळत नाही. पाणी हिरवट, बर्फातून आल्यासारखं गार, तळाशी नारळाएवढे शेवाळलेले गोटे. काठावर शेवाळाच्या दाढ्या लोंबणारी झाडं आणि अंडी घालून मेलेले सॅमन. जिकडेतिकडे त्यांचा वास. हे मासे समुद्रातून आपल्या जन्माच्या नदीत परत येतात आणि तिथेच मरतात. त्यावर लोक पानंच्या पानं लिहितात. संपादकाच्या खुर्चीत असताना मी असे परिच्छेद पुष्कळ कापलेत, तेव्हा तुझ्यापुढेही लिहीत नाही. मला तिथे फक्त आवाजाची भीती वाटायची. पाण्याचा आवाज इतका, की हाताच्या अंतरावरचं माणूस पडलं तरी ऐकू येणार नाही. म्हणजे मी डोळे हलवायचे नाहीत.

या मासेमारीत करायचं फार थोडं असतं. पिसांचा गळ लांब फेकायचा, तो प्रवाहाबरोबर वळत खाली येईपर्यंत थांबायचं, मग एक पाऊल खाली सरकायचं आणि परत फेकायचा. सगळा खेळ थांबण्याचा. ती थांबायची, दोरीकडे टक लावून बघायची, आणि माझा श्वास अडकायचा. ही आत्ता बघतेय की गेली? मग ती दोरी ओढायची, मी श्वास सोडायचो, दोघं एक पाऊल खाली. सकाळभर हेच.

तिथे उभं असताना मला तुझं घंगाळं आठवलं. उन्हाळ्याच्या सुटीत गल्लीतली सगळी पोरं घाटावर पोहायला जायची आणि मी तुझ्या शिलाई मशीनशेजारी बसून कापडाच्या चिंध्या निवडायचो. जोशीबुवांनी सांगितलंय, पाण्याचा घात आहे तुला, असं तू म्हणायचीस. मी फारच रडारड केली तेव्हा तू माळ्यावरचं तांब्याचं मोठं घंगाळं काढलंस, चिंचेने लख्ख घासलंस, मागच्या अंगणात ठेवून विहिरीचं पाणी शेजारणीकडून भरून घेतलंस आणि म्हणालीस, “नदी हवी ना तुला? ही घे.” दर दुपारी मी त्यात मांडी घालून बसायचो. बेंबीपर्यंत पाणी. आणि तू उंबऱ्यावर बसून काजं-बटणं करायचीस. सगळी कामं टाकून, घंगाळ्यापासून हाताच्या अंतरावर. एकदा मी म्हणालो, आई, यात कसा बुडेन मी, तू जा ना आत. तू म्हणालीस, “बुडायला पाणी लागतंच किती?” आणि माझ्याकडे, पाण्याकडे नव्हे, माझ्या डोळ्यांकडे बघत राहिलीस. मी आठ-नऊ वर्षांचा. मला वाटलं, सगळ्यांच्या आया अशाच बघतात.

आणि तो घाटावरचा दिवस. मी चोरून गेलो होतो. शेवटच्या कोरड्या पायरीवर चड्डीवर उभा होतो, उडी मारायची म्हणून नाक दाबलं होतं, तेवढ्यात वरून तुझी हाक. तू घाटाच्या अगदी वरच्या पायरीवर उभी होतीस. खाली आली नाहीस. एक पायरीसुद्धा उतरली नाहीस. हात पुढे करून तिथूनच ओरडत होतीस, “वर ये! आधी वर ये!” पोरं हसत होती. घरी आल्यावर तू मला शिवणाच्या लाकडी पट्टीने मारलंस, आयुष्यात एकदाच, आणि मग तीच पट्टी मांडीवर घेऊन बसलीस. मला माराचं काही वाटलं नाही. मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. मी बुडलो असतो तर तू खाली आली असतीस का? हा प्रश्न मी कित्येक वर्षं मनात ठेवला. आता त्याचं उत्तर मला कळलंय असं वाटतं.

तिसऱ्या दिवशी लेकीने मासा धरला. कोहो जातीचा, चांदीच्या ताटासारखा चकाकणारा. तो पाण्याबाहेर न काढता तिने त्याच्या शेपटीजवळचा छोटा पर बघितला. तो कापलेला असेल तर मासा माणसांनी वाढवून सोडलेला, तो ठेवता येतो. याचा पर शाबूत होता. तिने गळ काढला, दोन्ही हातांनी त्याला प्रवाहात धरून ठेवलं आणि त्याला दम आल्यावर सोडून दिलं. मग वळून माझ्याकडे बघितलं. इतकी खूश मी तिला जानेवारीनंतर पाहिली नव्हती.

“बाबा, पाहिलास?”

“पाहिला.”

“खोटं. तू माशाकडे बघितलंच नाहीस. यू वर वॉचिंग मी. तू सकाळपासून मलाच बघतोयस. इट्स लाइक स्टँडिंग नेक्स्ट टू अ कॅमेरा.”

“तेच काम दिलंय मला.”

“मग जरा कमी मन लावून कर ना यार!”

मी हसलो. पण मला तेव्हा घंगाळ्यात बसलेला मी आठवलो, आणि तुझी नजर. ती नजर आता माझ्या चेहऱ्यावर होती हे मला तिच्याकडून कळलं.

नंतर वर डोंगरात पाऊस झाला. नदी रातोरात फार चढली नाही, पण तिचा रंग बदलला आणि काठावरचे ओळखीचे दगड दिसेनासे झाले. मी म्हणालो आज नको. लेक म्हणाली, पाणी गढूळलं की मासे वर सरकतात, आजच जायचं. म्हातारीने नदीत एक काठी रोवून बघितली आणि म्हणाली, आतल्या वळणाला उभे राहा, तिथे पसरट आहे. आम्ही गेलो. पाणी गुडघ्याच्या वर होतं. मी तिच्या डावीकडे, जरा खालच्या अंगाला.

मासा लागला ते मला रिळाच्या आवाजावरून कळलं. दोरी सुटत होती, रीळ किंचाळत होतं. मासा लागला की ती ओरडायची, “फिश ऑन!” ती ओरडली नाही. मी बघितलं. रॉड उजव्या हातात होता, पण डावा हात दोरीवरून उठून जाकिटाच्या पट्ट्याकडे गेला होता आणि अंगठा आणि दोन बोटं त्या पट्ट्याची कड चोळत होती. सावकाश, पुन्हा पुन्हा, कापड पारखल्यासारखी. ओठ हलत होते, सुपारी चघळल्यासारखे. डोळे उघडे आणि त्यांत कुणी नाही.

आई, ते मी ओळखलं. नदीत नव्हे, आपल्या स्वयंपाकघरात ओळखलं. तू चुलीपुढे पाटावर बसलेली. तव्यावरची पोळी करपतेय. तुझ्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पदराची किनार चोळताहेत. ओठ हलताहेत. बाबा एसटीच्या डेपोतून आलेले, दारातून म्हणताहेत, “लागली का हिची तंद्री?” आणि पोळी उलटायला स्वतः पुढे होताहेत. आणि मशीनवरचा तो दिवस, सुई तुझ्या बोटात घुसली आणि तू ओरडली नाहीस. त्यानंतर तू मला जवळ बसवून सांगितलंस, हसत, खेळातला नियम सांगावा तसं: “मी अशी गप्प झाले ना, की हाका मारायच्या नाहीत. माझ्या हातात कात्री असेल ती हळूच काढून घ्यायची आणि बाजूला बसायचं. येते मी परत.” मी तसं किती वेळा केलं असेन. कात्री काढून घ्यायचो, मांडीवर ठेवायचो, तुझ्या बोटांकडे बघत बसायचो. तू परत यायचीस आणि विचारायचीस, “काय रे, कात्री कुणी घेतली?”

जानेवारीत सुरी उचलली तसाच मी लेकीच्या हातातून रॉड काढून घेतला. सहज सुटला. बगलेत धरला आणि दुसऱ्या हाताने तिच्या जाकिटाचा मागचा पट्टा पकडला. हाक मारली नाही. तेवढ्यात ती चालायला लागली. नदीच्या मध्याकडे, अगदी शांतपणे, ओळखीच्या घरात जावं तशी. मी ओढलं तर ती पडेल अशी भीती वाटली, म्हणून बरोबर गेलो, आणि घाईत पाय उचलला. पायाखालचा गोटा फिरला, पाणी एकदम छातीशी आलं, बर्फासारखं विजारीत शिरलं, आणि माझं जाकीट फटाक्यासारखं फट्ट करून फुगलं. मी पट्टा सोडला नाही. दोन्ही गुडघे कुठेतरी दगडांत रुतले आणि मी तसाच, गळ्यापाशी फुगा घेऊन, तिला धरून राहिलो. मिनिटभर असेल. मला विचारशील तर अजून मी तिथेच आहे.

मग पट्ट्याला हिसका बसला. ती वळली होती. आधी नदीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बाबा? माझा रॉड तुझ्याकडे का आहे?” आणि मग, “तू का फुगलायस?”

मी तिला पाय सरकवत काठावर आणलं. ती गाळात बसली, थकून गेली होती, पण विचारत होती, मासा होता का, मोठा होता का. मी म्हणालो, होता, मी बघितला नाही. काय झालं ते सांगितलं तर ऐकेना. “आय वॉज कॉन्सन्ट्रेटिंग. दॅट्स ऑल.” मग मी माझ्या जाकिटाचा पट्टा बोटांत धरला आणि ती कशी चोळत होती ते करून दाखवलं. तिने माझ्या बोटांवर हात ठेवून ती थांबवली.

“लॅबमधली ती आहे ना माझी मैत्रीण, ती म्हणते मी मीटिंगमध्ये असं करते,” ती म्हणाली. “शी थिंक्स आय’म बोअर्ड.” मग एकदम मराठीत, “बाबा, सांगू नकोस कुणाला. परत गाडी बंद करतील. परत सगळं पहिल्यापासून. प्लीज.”

मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. पोळी, पदर, कात्री. तू कशी गेलीस तेही सांगितलं, जे मी तिला आजवर ‘हार्ट’ एवढंच सांगत आलो होतो: न्हाणीघराचं दार आतून बंद होतं, बादली भरून पाणी दाराखालून बाहेर येत होतं, बाबांनी आणि शेजाऱ्यांनी कडी तोडली. डॉक्टरांनी हार्ट म्हटलं आणि आम्हीही हार्ट म्हटलं. लेक थंडीने कुडकुडत ऐकत होती. तिला दुखवायला सांगत नव्हतो. मला भीती वाटत होती आणि ती एकट्याला पेलत नव्हती.

दुसऱ्या सकाळी मी गाडी घेऊन टेकडीवर गेलो, तिथे फोनला रेंज येते, आणि सांगलीला मावशीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. तुझी धाकटी बहीण आता नव्वदीला आलीय, कान गेलेत, जीभ शाबूत आहे.

“मावशी, आईला फिट यायची का गं?”

“काय? मीठ?”

“फिट! फेफरं!”

तिने आधी सुनेला टीव्ही बंद करायला सांगितलं.

“तुला कोण बोललं?” ती म्हणाली. “लहानपणी एकदा आली होती मोठी. विहिरीच्या काठावर. आत पडली, आमच्या अण्णांनी उडी घेऊन काढली. मग बायका जमल्या, चप्पल काय हुंगवली, कांदा काय हुंगवला. तिला कळलं कुठं काय! पण त्यानंतर अण्णांनी तिला पाण्यावर जायची बंदीच केली. आणि कुठं बोलायचं नाही म्हणाले, पोरीचं लग्न व्हायचंय. पुढे मोठी नाही आली. ती तशी बारीक बारीक बसायची गप्प, तेवढंच.”

“आणि मावशी, जोशीबुवांनी मला पाण्याचा घात सांगितला होता ना?”

“कुठले जोशीबुवा?” मावशी म्हणाली. “तुझी पत्रिकाच कुणी केली नव्हती रे. वेळच धड लक्षात नव्हती तुझ्या बापाच्या.”

म्हणजे तुला ठाऊक होतं. सगळं नसेल, पण तुझ्या अंगात काहीतरी आहे आणि ते पाण्याजवळ जीव घेतं, एवढं ठाऊक होतं. आणि ते माझ्यात उतरलंय का, हे तू उंबऱ्यावर बसून माझ्या डोळ्यांत शोधत होतीस. घाटावर तू खाली आली नाहीस, कारण तुला तुझाच भरवसा नव्हता. ओल्या पायरीवर तू गेली असतीस तर आपण दोघंही गेलो असतो. आणि हे कुणालाच सांगायची सोय नव्हती, म्हणून तू एक जोशी तयार केलास. मी जन्मभर त्या जोशाला शिव्या दिल्या. माझ्यात ते उतरलं नाही. तू बघत होतीस ते मला ओलांडून पुढे गेलं.

टेकडीवरून परत आलो तर लेक पडवीत त्या फळीपुढे उभी होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “आय’ल टेल हर. मी सांगते. तू नाही सांगायचं.” ती माझ्याबरोबर पुन्हा टेकडीवर आली आणि स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हातारीने आम्हाला काही विचारलं नाही. पण शेवटच्या दिवशी आमचा लाकडी मासा तिने रांग मोडून भलत्याच खिळ्यावर टांगला होता, तिच्या घराखालच्या उथळ पाण्याच्या. तिथे वाळूत दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. आम्ही पाण्यात उतरलो नाही. बसल्या बसल्या लेकीने मला गळ फेकायला शिकवलं. मी तो दर वेळी माझ्याच टोपीत अडकवला आणि ती हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. तेव्हासुद्धा मी तिच्या बोटांकडेच बघत होतो.

परत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. गाडी पुन्हा बंद झाली. आता मीच तिला लॅबमध्ये सोडतो. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, घरात कुणाला? मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, “येस. माय आजी.” आणि बोटांचं सांगितलं, कात्रीचं सांगितलं, तिने तुला पाहिल्यासारखं. बाई म्हणाल्या, इतक्या लांबून नक्की सांगता येणार नाही, पण ऐकून तसंच वाटतं. त्यांनी टाइप करून घेतलं. आपल्या घरात ते कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. घरी येऊन मी आमच्या सगळ्या बाथरूमच्या दारांच्या कड्या काढून टाकल्या, मग लेकीच्या घरी जाऊन तिच्याही काढल्या. ती म्हणाली, “बाबा, आता पाहुणे आले की काय करायचं?” मी म्हणालो, गाणं म्हणायचं.

भीती गेलेली नाही. सकाळी तिला सोडायला जाताना सिग्नलला ती गप्प झाली की मी तिच्या डाव्या हाताकडे बघतो. ती आता चिडत नाही. हात वर करून बोटं हलवून दाखवते. एवढीच सुधारणा आहे.

आयुष्यभर मजकूर वेळेवर दिला की माझं काम संपायचं. हा मजकूर कुणी मागितलेला नाही, म्हणून कित्येक दिवस उघडून बसतो आणि मिटतो. पाठवायला पत्ताही नाही. पण एक गोष्ट राहिली. हाका मारायच्या नाहीत, असं तू सांगितलं होतंस. तिला मी मारली नाही. पण पाणी छातीशी आलं, पायाखालचा दगड फिरला, तेव्हा माझ्या तोंडून ‘आई’ निघून गेलं, चांगलं मोठ्याने. नदीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही आणि मीही अजून कुणाला सांगितलेलं नाही.